टेकडीवर हिवाळ्यात कोण राहतं?

टेट्रो हिल, ईस्ट क्रॅनली, व्हरमाँट
२१ ऑक्टोबर २०१३

माननीय कारकून, ईस्ट क्रॅनली गाव, यांस,

विषय : गावच्या मतदार यादीत माझं नाव असल्याबद्दल लेखी खात्री मिळणेबाबत.

महोदया,

मी खाली सही करणारी थीडा टेट्रो, वय बहात्तर, टेट्रो हिल रस्त्यावरच्या शेवटच्या घरात राहणारी, आपणास विनंती करते की

बस झालं. लिओना, सख्ख्या धाकट्या बहिणीला 'महोदया' लिहिताना माझं पेन अडखळतंय. पण दुसरा उपाय तू ठेवलेला नाहीस. सहा वर्षांत तू माझा फोन उचलला नाहीस. चर्चमध्ये मी उजव्या बाजूला बसले की तू डाव्या बाजूला. पण कार्यालयात आलेल्या पत्राला कारकुनाला उत्तर द्यावंच लागतं, असा कायदा आहे, आणि कायद्याच्या बाबतीत तू कुणाच्या बापाचं ऐकत नाहीस. म्हणून हे पत्र कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवतेय.

काल दुकानात डेल्विन पीझ भेटला. हा माणूस पाचवीत माझ्या शेजारी बसून माझ्या वहीतली गणितं उतरवायचा. आता गावचा पंच झालाय आणि रस्त्यांचा मुकादमही. मी दिव्याचं तेल घेत होते. मला बघून म्हणाला, "काय गं थीडा, अजून गेली नाहीस? पक्षी तर कधीच गेले."

"मी पक्षी नाही, डेल्विन."

"रागावू नकोस. दरवर्षी या सुमाराला तुझी गाडी फ्लॉरिडाच्या वाटेला लागलेली असते, म्हणून म्हटलं. उन्हाळी माणसं सगळी गेली. तू शेवटची."

मग त्यानेच सांगितलं. मार्चच्या गावसभेत तो ठराव मांडणार आहे. टेट्रो हिलच्या रस्त्यावरचा बर्फ यापुढे नोव्हेंबर ते एप्रिल काढायचा नाही. पुलापाशी गाडी वळवायची. कारण काय, तर वर हिवाळ्यात कुणीच राहत नाही.

उन्हाळी माणूस! मी! लिओना, जून महिन्यात न्यूयॉर्कहून येऊन गाईंचे फोटो काढणारी ती माणसं, त्यांच्यात मला धरलं त्याने. मी या गावात जन्मले, इथल्या दुधाच्या डेअरीत हात गोठवून घेतले, क्लेटनशी लग्न करून त्या टेकडीवर चढले ती एकोणीसशे त्रेसष्टमध्ये. दुकानातल्या तिघांनी ऐकलं आणि एकानेही 'छे छे' म्हटलं नाही. ते मला जास्त लागलं.

तर माझं ठरलंय. यंदा मी जात नाही. मार्चमध्ये शाळेच्या हॉलमध्ये उभी राहून मी त्या ठरावाविरुद्ध मत देणार. त्या सभेत पोस्टाने मत चालत नाही, स्वतः उभं राहावं लागतं, हे तुला मी सांगायला नको. आणि रस्त्याचा बर्फ निघाला नाही तर माझं घर घर राहणार नाही. सहा महिन्यांची झोपडी होईल, आणि मी खरोखरच उन्हाळी माणूस होईन.

यादीत नाव आहे एवढं कळव.

तुझी, म्हणजे आपली,
थीडा

*

६ नोव्हेंबर

लिओना,

तुझी नोटीस पोचली. दोनदा पोचली. एक इथे आणि एक फ्लॉरिडाला. तिथल्या शेजारणीने, विल्माने, ती पुन्हा इकडे धाडली. दोन्ही पत्त्यांवर पाठवायची हा नियम असेल तुझा. पण पाकिटावर तो दुसरा पत्ता तुझ्या अक्षरात बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

नोटिशीत लिहिलंयस की दोन हजार अकरापासून फ्लॉरिडातल्या घरावर मी कायम घराची करसवलत घेते, ती फक्त तिथे कायमचं राहणाऱ्यालाच मिळते, आणि माणसाचं कायमचं घर एकच असू शकतं. म्हणून माझं नाव यादीत ठेवावं की काढावं याची सुनावणी वीस फेब्रुवारीला. पुरावे आणावेत. खाली गोल शिक्का आणि तुझी सही, अगदी टाकाने काढल्यासारखी. 'ताई, कशी आहेस' एवढे तीन शब्द त्या शिक्क्याशेजारी मावले असते.

डेल्विनने विचारलं असेल आणि तू शोधून काढलं असशील. तो तुझ्या कामाचा भाग आहे. तुला दोष देत नाही. थोडा देते.

आता ते कसं झालं ते ऐक. क्लेटन गेल्यानंतरची ती दुसरी फेब्रुवारी. आमच्या कॉलनीत, जिथे पंचावन्न वर्षांखालच्या माणसाला घरच मिळत नाही, पोहायच्या तलावाशेजारी दर वर्षी एक टेबल मांडतात. एक गृहस्थ गोड वड्यांचा खोका उघडून बसतो आणि सगळ्या म्हाताऱ्यांचे अर्ज भरून देतो. विल्मा मला हाताला धरून घेऊन गेली. म्हणाली, "अगं सगळेच करतात. इथे खूण, इथे सही. घराचा कर एकदम उतरतो." मी खूण केली, सही केली, गोड वडी खाल्ली. काय लिहिलंय ते वाचलं नाही. आणि एप्रिलमध्ये इथे परत आल्यावर, क्लेटन दरवर्षी भरायचा तसा व्हरमाँटचाही अर्ज भरला. त्यातही तेच, हे माझं कायमचं घर. म्हणजे दोन राज्यांना मी एकच गोष्ट सांगितली, आणि दोघांनीही मान डोलावली.

ही चूक आहे. मी ती दुरुस्त करणार आहे. वीस फेब्रुवारीला मी पुराव्यांचं पोतं घेऊन येईन.

थीडा

*

९ डिसेंबर

लिओना,

पुरावा क्रमांक एक. फ्लॉरिडाचा वाहन परवाना परत केला, व्हरमाँटचा घेतला. फोटोत मी दरोडेखोर दिसते.

पुरावा क्रमांक दोन. फ्लॉरिडाच्या त्या कार्यालयाला कळवलं की माझी सवलत रद्द करा. त्यांचं उत्तर आलं, मागच्या तीन वर्षांची सवलत दंडासकट परत मागितलीय. देईन. क्लेटनची मासेमारीची नाव विकतेय.

पुरावा तीन, इथल्या डॉक्टरकडे नाव घातलं. चार, वाचनालयाचं कार्ड. पाच, मांजर. होय, मांजर. तिला इथल्याच गुरांच्या डॉक्टरकडून लस टोचून घेतली, आणि त्याच्या कागदावर मांजरीचा पत्ता टेट्रो हिल आहे. तिच्या रहिवासावर अजून कुणी हरकत घेतलेली नाही.

विल्मा ओहायोची आहे, थंडी म्हणजे काय ते तिला ठाऊक आहे. तिचा रोज फोन येतो. काल म्हणाली, "थीडा, हे खूळ सोड. तिथे गारठून मेलीस आणि मग गावाने तुला रहिवासी म्हणून मान्य केलं, तर त्याचं काय लोणचं घालायचं?" मी म्हटलं, निदान माझ्या अंत्ययात्रेला रस्ता उघडा असेल. ती बराच वेळ हसली आणि मग रडली. दुपारी पत्ते खेळायला चौथी बाई मिळत नाही म्हणे.

तुला खोटं कशाला सांगू, तिथे मला आवडतं. सकाळी अनवाणी दाराबाहेर जाता येतं. गुडघे बोलत नाहीत. पण तिथे मला कुणी विचारत नाही की तू कुणाची.

बर्फ आतापर्यंत पाच वेळा पडला. पाचही वेळा बर्फ सारायची गाडी घेऊन डेल्विन स्वतः आला. काल मी दारातच उभी राहिले कॉफी घेऊन. त्याने काच खाली केली.

"तुझ्या एकटीसाठी पावणेदोन मैल, थीडा. वर आणि खाली. खालच्या शाळेचा रस्ता त्या वेळात दोनदा झाला असता."

"मग शाळेचा आधी कर. मी दुपारपर्यंत थांबेन."

"तो मुद्दा नाही. माझ्याकडे एक गाडी, दोन माणसं. आज तू हट्टाने राहिलीस. पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षीही."

"गुडघे?"

"गुडघ्यांनाही इथलंच रहिवासी करून घेतलंय."

तो हसला नाही. कॉफी मात्र प्याला. तो वाईट माणूस नाही, लिओना, आणि हीच अडचण आहे. त्याचं म्हणणं मला पटतं. फक्त माझ्या घरापुरतं पटत नाही.

तुझी खिडकी पुलावरून दिसते. दिवा लागलेला असतो. आज मी गाडी दोन मिनिटं थांबवली होती. मग निघाले.

थीडा

*

१७ जानेवारी २०१४

लिओना,

आज कोणता दिवस आहे ते आपल्या दोघींनाही माहीत आहे.

स्वयंपाकघरातला नळ परवा गोठला. उणे सव्वीस होतं. मी केस वाळवायचं यंत्र घेऊन सिंकखालच्या कपाटात डोकं घालून दीड तास बसले. मांजर शेजारी. पाणी आलं तेव्हा मी उठू शकले नाही. गुडघा अडकला. तशीच जमिनीवर बसून राहिले आणि विचार आला की आत्ता मला काही झालं तर पुढचा बर्फ पडेपर्यंत गावात कुणाला कळणार नाही. मग विचार आला की तुला हे सहा वर्षांपूर्वी वाटलं असेल. माझ्याआधी.

दोन हजार आठच्या या तारखेला तुझं ऑपरेशन झालं. छातीतली गाठ. तू नोव्हेंबरमध्ये टेकडीवर आली होतीस, बूट न काढता दारातच उभी राहिलीस आणि म्हणालीस, "ताई, एवढा एक हिवाळा थांब." आयुष्यात तू माझ्याकडे तेवढंच मागितलंस. मी म्हणाले, क्लेटनच्या फुप्फुसांना थंडी सोसत नाही, डॉक्टर इथे राहू देत नाहीत, काय करू. तू 'बरं' म्हणालीस आणि गेलीस. तुला दवाखान्यात न्यायला डेल्विनची बायको आली. मी दर रविवारी फोन केला. चौथ्या रविवारी तू उचलला नाहीस, आणि मग कधीच नाही.

आता खरं लिहिते. त्या वर्षी डॉक्टर म्हणाले होते की क्लेटनने इथे राहायला हरकत नाही, घरात ऊब ठेवा म्हणजे झालं. क्लेटन स्वतः म्हणाला होता, थांबूया. जायचं मी ठरवलं. मला भीती वाटली. आईला मी तसंच जाताना पाहिलं होतं, तुला पुन्हा तसं पाहायची माझी छाती नव्हती. तिकडे ऊन होतं, पत्ते होते, आणि कुणी आजारी नव्हतं. मी पळून गेले आणि नवऱ्याच्या फुप्फुसांमागे लपले. बिचारा मरेपर्यंत ते फुप्फुसांचं कारण खरं असल्यासारखा वागला.

आणि अजून एक. नोव्हेंबरच्या पत्रात लिहिलं की तो अर्ज मी वाचला नाही. वाचला होता. 'हे आपलं कायमचं घर आहे काय?' असं छापलं होतं. त्या दिवशी तलावाकाठी बसून मला खरंच वाटलं होतं की आहे. इकडे क्लेटन नव्हता, तू बोलत नव्हतीस. मी खूण केली ती समजून केली.

माफी मागते. उत्तर नको. कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवत नाही, घरच्या पत्त्यावर पाठवतेय. म्हणजे शिक्का मारायची गरज नाही.

ताई

*

४ फेब्रुवारी

लिओना,

सुनावणीची आठवण देणारी तुझी नोटीस आज आली. तोच गोल शिक्का. एकही शब्द जास्तीचा नाही. पण विल्माला मी मुद्दाम फोन करून विचारलं. तिच्याकडे या वेळी काही आलेलं नाही. तू एकच पाकीट पाठवलंस, इथलं.

यावरून मी काहीही अर्थ काढत नाहीये. फक्त पाकीट फेकलं नाही.

काल जिल्ह्याच्या गावी वकिलाला भेटले. टाय लावलेला, नम्र, माझ्या नातवाच्या वयाचा, मला नातू असता तर. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मिसेस टेट्रो, अगदी सोपं आहे. कायदा दोन गोष्टी बघतो. कुठे राहायचा तुमचा इरादा आहे, आणि तुमची वागणूक त्याला धरून आहे की नाही. तुम्ही सांगायचं, मी हे गाव कधीच सोडलं नव्हतं, तो अर्ज न वाचता भरला. वय, नवरा गेलेला, शेजारणीने सही करवली. पंच मान्य करतील. नाव यादीत राहील, आणि इथल्या तीन वर्षांच्या अर्जांचा प्रश्नच उठणार नाही."

"आणि वाचून भरला होता असं सांगितलं तर?"

त्याने पेन खाली ठेवलं. "तर मग तीन वर्षं तुम्ही कायद्याने इथल्या नव्हता. इथला अर्ज खोटा ठरेल, दंड बसेल. नाव यादीतून निघेल. नव्याने रहिवासी झालात हे पुन्हा पहिल्यापासून सिद्ध करावं लागेल, आणि पंचांना तीन महिने पुरेसे वाटले नाहीत तर मार्चची सभा हुकली." मग हळूच म्हणाला, "हे कुणाला माहीत आहे का?"

मी म्हटलं, एका व्यक्तीला. पत्राने कळवलंय. आणि ती कार्यवृत्त लिहायला बसणार आहे.

त्याने तोंडाचा चंबू केला. फी घेतली नाही.

तू ते पत्र तिथे वाचून दाखवणार नाहीस, मला माहीत आहे. ते घरी आलेलं पत्र आहे, आणि कार्यालयात घरचं काही तू आणत नाहीस. तसंच, मी खोटं बोलले तर तेही तू जसंच्या तसं लिहून घेशील, आणि मान वर करणार नाहीस. मला तेच नको आहे.

थीडा

*

२१ फेब्रुवारी

लिओना,

तू चार फुटांवर बसून सगळं लिहून घेतलंस, तरी माझ्या बाजूने कसं होतं ते लिहिते.

तिघं पंच, मध्ये डेल्विन. तू सुरुवातीलाच कागदावर लिहून दिलंस की अर्जदार सख्खी बहीण असल्याने मी मत देणार नाही आणि चर्चेत बोलणार नाही. डेल्विनने ते वाचून दाखवलं. मागे वीसेक माणसं. गुरुवारी संध्याकाळी दुसरी करमणूक नाही गावात.

पहिला प्रश्न डेल्विनचाच. माणसाच्या चांगल्या वस्तू जिथे, तिथेच त्याचं घर, असा त्याचा हिशेब. "थीडा, तुझा चांगला कोट कुठे आहे?"

"अंगात आहे. डोळे तपासून घे."

माणसं हसली.

"शिवणाचं मशीन?"

आता हसू थांबलं. ते मशीन आईचं, आणि ते फ्लॉरिडात आहे. तुलाही ठाऊक नव्हतं ते. तुझं पेन थांबलं, मी बघितलं.

"फ्लॉरिडात. जाईन तेव्हा घेऊन येईन."

"म्हणजे जाणार आहेस?"

"जाणार. गुडघे फारच बोलायला लागले तर पुढच्या वर्षी सहा आठवडे जाईन. ते घर मी विकत नाही, मला ते आवडतं. पण जाईन ती पाहुणी म्हणून. तू महिनाभर मुलीकडे मेन राज्यात जाऊन बसतोस, तुला कुणी मेनचा म्हणतं का?"

"तो अर्ज न वाचता भरलास का?" हे पंचांपैकी हॉलिसने विचारलं, आणि फार प्रेमाने विचारलं. तो मला दार उघडून देत होता. मला फक्त आत जायचं होतं. वकिलाचे शब्द तोंडपाठ होते.

मी म्हणाले, "वाचून भरला. तेव्हा मला तिथलीच व्हायचं होतं. तीन वर्षं मी इथली नव्हते. उन्हाळ्यात यायचे, गवत कापायचे, जायचे. डेल्विनने मला उन्हाळी माणूस म्हटलं त्याचा राग आला तो खरं असल्यामुळेच आला. पण यंदा हिवाळ्याला मी गेले नाही, इथली म्हणून परत आले आहे. पाहुणी म्हणून नाही. नाव काढायचं तर काढा, ते काढण्यासारखंच आहे. पण लगेच दुसरा अर्ज घ्या."

तू लिहीत होतीस. 'तीन वर्षं मी इथली नव्हते' हे वाक्य लिहायला तुला बराच वेळ लागला. मान वर केली नाहीसच.

ते बाजूला जाऊन काय बोलले ते तू मला सांगणार नाहीस. परत आले. जुनं नाव काढलं, तिन्ही मतं एक. मग नवा अर्ज. हॉलिस बाजूने, दुसरा विरुद्ध, आणि डेल्विन. तो टेबलाकडे बघत म्हणाला, "मी तिच्या दारात गेल्या तीन महिन्यांत एकोणीस वेळा बर्फ काढलाय. एकोणीस वेळा ती तिथे होती. आता मीच नाही कसं म्हणू."

नवीन मतदाराला शपथ घ्यावी लागते. मी ती एकवीस वर्षांची असताना घेतली होती, आपल्या वडिलांच्या शेजारी उभी राहून. आता बहात्तराव्या वर्षी पुन्हा उजवा हात वर. शपथ कारकुनाने द्यायची, पण तू कागद डेल्विनकडे सरकवलास. राज्याच्या भल्याचं वाटेल तेच मत देईन, कुणाची भीड धरणार नाही, कुणाला भिणार नाही. रस्ता बंद करू पाहणाऱ्याच्या मागून मी एकेक शब्द म्हटला. तो मध्येच अडखळला आणि पुटपुटला, "स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतोय मी."

राज्याच्या दंडाची नोटीस येईल तेव्हा येईल. गोठ्यामागची लाकडं विकायची आहेत.

आता ठरावाकडे बघते. बारा घरं फिरायची आहेत.

थीडा

*

५ मार्च

लिओना,

हरलो. बाजूने एकतीस, विरुद्ध एकोणतीस. एक नोव्हेंबरपासून बर्फाची गाडी पुलापाशी वळणार.

सकाळी उठले तेव्हा वाटलं होतं रडू येईल. आलं नाही, भूक लागली. कालच्या जेवणावळीतला घेवडा आणि डुकराचं मांस उरलं होतं ते गरम करून खाल्लं. मग कोठारात जाऊन क्लेटनचा ट्रॅक्टर बघितला. पुढे पातं लावलं तर पावणेदोन मैल मी स्वतः साफ करू शकते. आधी बॅटरी बदलावी लागेल. डेल्विनला फोन केला. म्हणाला, "पातं मी बसवून देतो. पण रविवारी, गावाच्या वेळेत नाही. आणि थीडा, पुढच्या मार्चला तू उलटा ठराव आणणार आहेस ना?" म्हटलं, आणणार. "तर मग मी त्याच्याविरुद्ध बोलणार." म्हटलं, बोल. पातं नीट बसव.

मी इथेच राहतेय. हे कुणाला विचारून नाही. माझं नाव यादीत आहे, मी ठरावावर मत दिलं आणि हरले, आणि गावात हरायलाही गावचं असावं लागतं.

पण हे पत्र त्यासाठी नाही. काल जे झालं त्याबद्दल तू बोलणार नाहीस, म्हणून मी लिहून ठेवतेय.

सभाध्यक्ष म्हणाले, विरुद्ध असतील त्यांनी उभं राहावं. मी शेवटच्या रांगेत, भिंतीकडच्या टोकाला उभी राहिले. तू पेन्सिल घेऊन पहिल्या रांगेपासून निघालीस. प्रत्येकाकडे पेन्सिल करून मोठ्याने आकडा म्हणायचास, म्हणजे कुणी तक्रार करायला नको. तेवीस. चोवीस. आजूबाजूची माणसं माझ्याकडे बघत होती, कारण सगळ्या गावाला माहीत आहे की सहा वर्षांत तू माझ्याशी एक अक्षर बोललेली नाहीस. सव्वीस. सत्तावीस. मग मी. तू समोर आलीस. तुझे केस पुढून पांढरे झालेत, ते मी इतक्या जवळून पाहिलंच नव्हतं. तू थेट माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "अठ्ठावीस."

मला वाटलं झालं. माझ्यापलीकडे भिंतच होती. एवढ्यावरही मी आयुष्यभर भागवलं असतं.

सव्वीस वर्षं तू कारकून आहेस. सव्वीस वर्षं तू सगळ्यांना मोजलंस आणि स्वतः एकाही ठरावाला उभी राहिली नाहीस, कारण मोजणाऱ्याची बाजू दिसू नये असं तुझं म्हणणं. डेल्विनने तर ठरावाची मतं धरताना तुला हिशेबातच घेतलं नव्हतं, त्याने नंतर मला सांगितलं.

तू माझ्या शेजारी येऊन उभी राहिलीस. तोंड सभेकडे केलंस. पेन्सिल स्वतःच्या छातीला टेकवलीस, डाव्या बाजूला, जिथे आता काही नाही. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस, "एकोणतीस."

सभाध्यक्षांनी सगळ्यांना बसायला सांगितलं. सगळे बसले. आपण दोघी उभ्याच होतो.

ताई